नॉर्फक : रीडम स्टेशनवरून पाणथळीतली गोल वाट (बर्नी आर्म्समार्गे)

येअरकाठची :
लंडनहून ट्रेनने जाऊन संध्याकाळी ट्रेननेच परत येता येईल अशी चालायची जागा सुचवा, असं इथे दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. उत्तरं ठरलेली : बॉक्स हिल, सेव्हन सिस्टर्स. दोन्ही झकास, पण रविवारी तिथे तुळशीबाग असते. म्हणून आमच्या नॉर्फकमधली ही वाट जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आणि शेवट रीडम स्टेशनवर. मध्ये येअर नदीचा बांध, बर्नी आर्म्स, हॅल्व्हरगेटची पाणथळ कुरणं, हॅल्व्हरगेट गाव, विकॅम्प्टनचं चर्च. सगळं मिळून १९-२० किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच, पण त्यावर भुलून जाऊ नका. उघड्या बांधावर वारा असला की चढाइतकीच दमछाक होते.

लिव्हरपूल स्ट्रीटहून नॉरिच दोन तासांच्या आत-बाहेर. तिथून लोस्टॉफ्टची गाडी धरा. यार्मथची नाही! यार्मथला जायचे दोन मार्ग आहेत आणि बहुतेक गाड्या एकल (Acle) नावाच्या गावावरून जातात, त्या रीडमला फिरकतही नाहीत. लोस्टॉफ्टच्या गाडीने वीसेक मिनिटांत रीडम.

स्टेशनातून गावात, गावातून खाली नदीवर. धक्क्याजवळ लोस्टॉफ्टच्या लाइनीचा फिरता पूल आहे. उंच डोलकाठीची बोट आली की रुळांसकट आडवा होतो. गाव संपल्यावर वेरीमन्स वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या खुणा बघत थोडं आतून जायचं आणि बांधावर चढायचं. इथून बर्नी आर्म्सपर्यंत चुकायला जागाच नाही : उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला कुरणं, पलीकडे रेल्वे.

आता या वाटेवर बघायचं काय, तर ते डावं-उजवं. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहा. उजवीकडचं पाणी डावीकडच्या गायींच्या पायांपेक्षा वर असतं. येअर इथे भरती-ओहोटीची नदी आहे आणि कुरणं तिच्यापेक्षा खाली. रोमन काळात हे सगळं एक मोठं खाडीमुख होतं, समुद्र आत शिरायचा. पुढे ते गाळाने भरलं, माणसांनी बांध घातले, चर खणले. जमिनीतलं पाणी काढलं की ती आकसते आणि खचते. खचली की आणखी पाणी काढावं लागतं. वाटेतल्या पवनचक्क्या दळणासाठी नव्हत्या, चरातलं पाणी उचलून नदीत टाकण्यासाठी होत्या. पोल्कीज मिल, कॅजेस मिल अशा एकामागोमाग एक लागतात. पोल्कीजशेजारी वाफेच्या इंजिनाचं घरही आहे, म्हणजे वाऱ्यानंतर वाफ आली, मग डिझेल, आता वीज. उपसा मात्र कधी थांबला नाही. थांबला तर कुरणांचं तळं होईल.

बर्नी आर्म्सला सात मजली उंच पवनचक्की आहे, काळ्या बुरुजाची. नॉर्फकमधली पाणी उपसणारी सर्वांत उंच तीच. १८६५च्या सुमाराला बांधली तेव्हा मात्र ती सिमेंटसाठी भाजलेला माल दळायची, उपशाचं काम मागाहून आलं आणि १९४८ पर्यंत चाललं. शेजारची पब बंद आहे, तिच्या भरवशावर जेवण सोडून येऊ नका. पाण्यापलीकडे दक्षिणेला उंचवट्यावर रोमन किल्ल्याच्या भिंती दिसतात. इथेच येअर आणि वेव्हनी एक होऊन ब्रेडन वॉटर या रुंद खाडीत शिरतात.

मग नदी सोडायची. वीव्हर्स वे ही दुसरी पायवाट धरून बर्नी आर्म्स स्टेशनाशी रूळ ओलांडायचे आणि वायव्येला हॅल्व्हरगेटकडे सुटायचं. हा सहा-सात किलोमीटरचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो, लोकांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो. कुंपण नावाची गोष्ट नाही. चर हेच कुंपण. मध्येच एक लाकडी फाटक उभं असतं, दोन्ही बाजूंना हातभर फळ्या, त्यांच्या पुढे काहीच नाही. पहिल्यांदा बघणारा हसतो. जवळ गेल्यावर कळतं की फाटक चरावरच्या मातीच्या पुलावर आहे, आणि फळ्यांच्या पुढे पाणी आहे. गाय फाटकापाशी येते, पाणी हुंगते आणि मागे फिरते.

हॅल्व्हरगेटला पोचलात की जमीन जेमतेम काही मीटर वर येते, झाडं सुरू होतात, आणि एकदम कुठेतरी वर आल्यासारखं वाटतं. तिथून विकॅम्प्टन. सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत : शिकारीला निघालेल्या तीन जिवंतांना तीन मेलेले भेटतात ते चित्र, आणि खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा सेंट ख्रिस्तोफर. या गावात नदी ओलांडणारा संत भिंतीवर असणं साहजिकच. पुढे गल्ल्या-पायवाटांनी रीडम.

बाकी विचारा.

झटपट :
फोटो?

येअरकाठची :
टाकते. पण सगळ्या फोटोंत वरचं तीन चतुर्थांश आकाश आहे, आधीच सांगते.

गडकोटवेडा :
धागा वाचला, प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. वीस किलोमीटर सपाट चिखल तुडवायचा, गायी आणि फाटकं बघायची, आणि त्यासाठी लंडनहून चार-पाच तास जायचं-यायचं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला यात काय? आणि तो रोमन किल्ला म्हणालात तो लांबूनच बघायचा?

येअरकाठची :
@गडकोटवेडा राग कसला. किल्ला लांबूनच, कारण मध्ये पाणी आहे. बरा कॅसल त्याचं नाव, तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा. तीन बाजूंच्या भिंती अजून उभ्या, नदीकडची चौथी केव्हाच खाली गेली. त्यासाठी वेगळ्या दिवशी यार्मथला उतरून दक्षिण काठाने जा, त्या वाटेचं नाव अँगल्स वे. या फेरीत तो बसत नाही. बसवायचा हट्ट धरलात तर अंधारात परत याल.

सपाट म्हणून कंटाळवाणं, हे मला पटत नाही. गडावर आपण तट-बुरूज, टाकी, चोरवाटा बघतो, म्हणजे कोणीतरी डोकं लावून केलेलं काम बघतो. इथेही तेच आहे, फक्त उभं नसून आडवं आहे.

साखरपट्टा :
ताई, एक शंका. नॉरिचहून रीडमला जाताना उजव्या हाताला मोठी चिमणी आणि पांढरी वाफ दिसते. कारखाना कसला? आमच्या सांगलीकडच्या माणसाला वासावरून साखर कारखाना वाटला, बायको म्हणाली तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं.

येअरकाठची :
वहिनींना सांगा, साखर कारखानाच. कँटलीचा. १९१२चा, ब्रिटनमध्ये बीटच्या साखरेचा नेटाने चाललेला पहिला. ऊस नाही, बीट. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून साधारण फेब्रुवारीपर्यंत. हिवाळ्यात गेलात तर परतीला रीडमच्या अलीकडूनच वाफ दिसते, दिशा चुकत नाही.

साखरपट्टा :
जिंकलो! म्हणजे गळीत हंगाम इथेही थंडीतच. उसाच्या गाड्यांसारखी बीटच्या ट्रेलरची रांग लागते का?

येअरकाठची :
रस्त्यावर ट्रॅक्टर-लॉऱ्या भरपूर. आणि बीट काढल्यावर शेतात राहिलेल्या पाल्यावर हजारो पिंकफूट कलहंस उतरतात, आइसलँड-ग्रीनलँडहून आलेले. कारखान्यामुळे बीट, बीटमुळे हंस.

पंखवाला :
अखेर पक्ष्यांवर आलात, मी वाटच बघत होतो. बर्नी मार्शेस आणि ब्रेडन वॉटर हे आरएसपीबी या ब्रिटनमधल्या पक्षिसंरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्र आहे. हिवाळ्यात विजन बदकं, सोनेरी चिखल्या आणि शेंडीवाल्या टिटव्या हजारोंनी. ही विजन तीच, भिगवणला आपण बोटीतून बघतो ती. फरक इतकाच की इथे ती बदकं गुरांसारखी गवत चरताना दिसतात, आणि शीळ घालत राहतात. चरांवरून खालून उडणारा दलदली भोवत्या जवळपास नक्की, दुपार कलली की आखूड कानांचं घुबड नशिबाने. उन्हाळ्यात उचाट्या.

एक सूचना. बांधाच्या माथ्यावरून चाललात तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसते आणि अख्खा थवा उठतो. काही ठिकाणी बांधाच्या पायथ्यानेही चालता येतं, तिथे खालून जा. दुर्बीण नसेल तर माझ्या मते येऊच नका, पण ते माझं मत.

येअरकाठची :
@पंखवाला दुर्बिणीचं मत तुमच्यापाशी ठेवा 🙂 सूचना मात्र सोळा आणे खरी.

खारेपाटचा :
वाचताना सारखं अलिबाग-पेणचं खारेपाट डोळ्यांसमोर येत होतं. आमच्याकडेही तेच : खाडीला बांध, बांधाला उघाडी, आत भातशेती. ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी बाहेर, भरतीला झडप बंद. एक विचारतो. तिथे उपसा करावा लागतो म्हणता, आमच्याकडे नुसत्या उघाडीवर भागतं. का?

येअरकाठची :
दोन कारणं मला समजतात ती लिहिते. एक, कोकणात भरती-ओहोटीत फरक मोठा आहे. ओहोटीला खाडी इतकी उतरते की आतलं पाणी आपसूक निघून जातं. इथल्या किनाऱ्याला हा फरक मुळात कमी, आणि यार्मथच्या अरुंद तोंडातून आत येईपर्यंत आणखी कमी होतो. म्हणजे ओहोटीतही नदी पुरेशी खाली जात नाही. दोन, जमीन खचलेली. त्यामुळे पाणी उचलूनच टाकायला लागतं. उघाड्या इथेही आहेत, पण त्यांच्यावर सगळी भिस्त नाही.

दिवाडीचो :
गोव्याच्या खाजनांत, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या शेतजमिनींत, झडपेला मानस म्हणतात. लाकडाची, भरतीच्या जोरानेच मिटते, माणूस लागत नाही. ओहोटीला पाणी बाहेर जाताना तिथे जाळं लावलं की सुंगटां (कोळंबी), मासे. त्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि पैसा बांधाच्या दुरुस्तीला जायचा. हे सगळं गावकरी, म्हणजे गावची जुनी सामुदायिक संस्था, बघायची. खाऱ्या जमिनीत कोरगूट भात. तुमच्या नॉर्फकात बांध कोण बघतं?

येअरकाठची :
मुख्य नदीचे बांध सरकारी पर्यावरण खात्याकडे, आतले चर आणि पंप तिथल्या जलनिचरा मंडळाकडे. जमीनवाल्यांकडून त्याची पट्टी घेतात. लिलाव नाही आणि सुंगटंही नाहीत, तुमची पद्धत जास्त रुचकर.

खारेपाटचा :
आमच्याकडे १९७९चा खारजमीन विकास कायदा आहे, कागदावर सगळं आहे. पण बांध फुटल्यावर वेळेत बांधला नाही तर दोन-तीन वर्षांत आत कांदळवण येतं, आणि मग शेतीही नाही आणि वनखात्याची परवानगीही नाही. आमच्या आजोळची जमीन अशीच गेली. म्हणून विचारतो : तिकडे शेतकऱ्यांना कुरणच ठेवा म्हणून कोणी सांगितलं? गहू लावला तर जास्त पैसे नाही का मिळणार?

येअरकाठची :
अगदी नेमकं विचारलंत. हॅल्व्हरगेटचं नाव इंग्लंडभर झालं ते यावरूनच. १९८०च्या आसपास विजेचे जोरदार पंप आले होते, गव्हाला भाव आणि निचऱ्याला अनुदान होतं. पाणी आणखी खाली नेऊन कुरणं नांगरायला सुरुवात झाली. आरडाओरडा झाला. शेतकरी म्हणत, फायदा सोडायचा तर आम्हीच का? मुद्दा रास्त होता. शेवटी १९८५ मध्ये एक योजना आली : गुरं चारत राहा, नांगरू नका, एकरी ५० पौंड घ्या. बहुतेकांनी घेतले. दोन वर्षांनी त्याच धर्तीवर देशभर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची योजना आली. शेतकऱ्याला पीक न काढण्याबद्दल नव्हे, जमीन विशिष्ट तऱ्हेने राखण्याबद्दल पैसे द्यायचे, हा विचार ब्रिटनमध्ये रुजला तो या चिखलातून.

मला विचाराल तर गडकोटवेडा यांना जे रिकामं वाटतं ते असं पैसे मोजून रिकामं ठेवलेलं आहे.

गडकोटवेडा :
हे आधी लिहायचं ना! बरं, ऋतू कुठला?

येअरकाठची :
फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. डिसेंबरात पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, वीस किलोमीटर बसत नाहीत. जून-जुलैत नदीकाठचे बोरू डोक्याच्या वर जातात, कित्येक ठिकाणी नदी दिसतच नाही. एप्रिलपासून गुरं कुरणात असतात, सोबत वासरं असली तर लांबून वळसा घाला, कुत्रा असेल तर विशेष.

दिशा वाऱ्यावर ठरवा. इथे एरवी वारा नैर्ऋत्येचा. मी लिहिलंय तसं गेलात तर बांधावरच्या उघड्या टप्प्यात तो पाठीशी राहतो. पण फेब्रुवारीअखेर पूर्वेचा वारा सुटला असेल तर सरळ उलटे फिरा, विकॅम्प्टनकडून सुरुवात करा. तोंडावर पूर्वेचा वारा घेऊन तो बांध चालणं ही शिक्षा आहे.

पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट किंवा गमबूट. चिकणमाती आहे, प्रत्येक फाटकापाशी गुरांनी तुडवलेली. हॅल्व्हरगेटपर्यंत पाण्याचा नळ नाही, आडोसा नाही, संडास नाही. थर्मास आणि दशम्या घ्या. परत आल्यावर रीडमच्या पुलाजवळची द शिप गाठायची, तिथे नदी बघत बसता येतं.

रूळवेडा :
इतका वेळ गप्प बसलो, आता राहवत नाही. बर्नी आर्म्स स्टेशनाबद्दल दोन ओळींत उरकलंत, हा अन्याय आहे.

नॉरिच-यार्मथ ही नॉर्फकमधली पहिली रेल्वे, १८४४ची. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या नऊ वर्षं आधी. जॉर्ज स्टीफन्सन अध्यक्ष, मुलगा रॉबर्ट इंजिनीअर. एकेरी लाइन होती, आणि समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून कुकच्या विद्युत तारयंत्राने गाड्या सोडण्याची पद्धत पहिल्यांदा इथेच वापरली. लाइन ज्या जमिनीतून न्यायची ती टॉमस ट्रेंच बर्नी यांची. त्यांनी विकताना अट घातली, की इथे कायमचं स्टेशन ठेवायचं. ते स्टेशन आजतागायत टिकून आहे. स्टेशनाला रस्ता नाही. जवळचा रस्ता तीनेक किलोमीटरवर. पायी या, बोटीने या, नाहीतर ट्रेनने या. फलाट इवलासा, एका डब्याला पुरेल एवढा.

२०१९-२० या वर्षात ब्रिटनमधलं सर्वांत कमी वापराचं स्टेशन हेच ठरलं, वर्षभरात ४२ प्रवासी. पण त्यात मेख आहे. सिग्नल बदलण्यासाठी हा तुकडा २०१८च्या शरदापासून फेब्रुवारी २०२० पर्यंत बंदच होता. हाताने ओढायचे जुने सिग्नल तेव्हा गेले, त्याचं दुःख मला अजून आहे. एरवी वर्षाला शेकड्यांत लोक उतरतात.

दोन_पोरांची_आई :
मुलं सात आणि दहा वर्षांची. वीस किलोमीटर त्यांच्याच्याने होणार नाही. रस्ता नसलेलं स्टेशन ऐकून थोरला मात्र मागेच लागलाय. अर्धं करता येईल का?

येअरकाठची :
येईल. ट्रेनने बर्नी आर्म्सला उतरा, पवनचक्की बघा, बांधाने पश्चिमेला रीडम. सात-आठ किलोमीटर, फाटकं मोजत गेली तर मुलं रडत नाहीत. गोल होत नाही, पण चालेल. धाकट्याला बांधाच्या नदीकडच्या अंगाला सोडू नका, तिथे काठ दिसतो तिथे नसतो, बोरूखाली नुसता गाळ असतो. आणि वाऱ्याचा अंदाज बघा, तुम्ही नेमके पश्चिमेला तोंड करून चालणार आहात.

दोन_पोरांची_आई :
गाडी तिथे थांबते कशी? वेळापत्रकात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय.

रूळवेडा :
मागणी केली तरच थांबते. आणि सगळ्या गाड्या तिथून जातच नाहीत, एकलमार्गे जाणारीत बसलात तर थेट यार्मथला उतराल. आठवड्याच्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या, रविवारी जरा जास्त. म्हणून मुलांना घेऊन रविवार. चढल्या चढल्या गार्डला सांगा, बर्नी आर्म्सला उतरायचंय, आणि कुठलं दार उघडणार तेही त्यालाच विचारा.

तिथून गाडी पकडायची वेळ आली, तर फलाटावर ड्रायव्हरला दिसाल असे उभे राहा आणि हात आडवा धरा, एसटीला धरतो तसाच. थोरल्याला करू द्या. सपाट मुलूख आहे, गाडी लांबूनच दिसते, हात दुखेपर्यंत धरून ठेवायची गरज नाही.

दोन_पोरांची_आई :
ठरलं, मार्चमधला पहिला कोरडा रविवार. @येअरकाठची, दशम्यांचं प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

झटपट :
फोटो अजून आले नाहीत.